विचारांचे झाड

मनुष्याच्या मनात विचार येतात ते रांगेने येत नाहीत. 'कृष्णा नदी' ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तर विद्यार्थ्याच्या मनात महाबळेश्वर, वाईचे घाट, उसाची शेते, पूर, कोयनेचे धरण, नरसोबाची वाडी, आजोळी मामाने नदीत पोहावयास शिकविले त्याची आठवण, असे सारे एकदमच गर्दी करून उभे राहते. कागदावरच्या ओळी मात्र एकीखाली एक अशाच लिहाव्या लागतात. ह्या गर्दीची रांग करणे हे लिहिणाऱ्यापुढचे पहिले आणि बहुधा सर्वांत अवघड काम होय. पुष्कळ विद्यार्थी ते टाळतात. जे वाक्य प्रथम सुचेल ते लिहून मोकळे होतात आणि तिसऱ्या परिच्छेदाशी आल्यावर, पुराविषयी सांगावयाचे राहूनच गेले, म्हणून थबकतात.

ह्या अडचणीवर एक सोपा उपाय आहे. लिहिण्यापूर्वी विचारांचे चित्र काढावयाचे. कागदाच्या मध्यभागी मुख्य विषय लिहावा, त्यापासून चहूकडे फांद्या काढाव्या, प्रत्येक फांदीवर एकेक मुद्दा लिहावा आणि त्या फांदीला पुन्हा लहान डहाळ्या फुटू द्याव्या. अशा चित्राला आज 'माइंड मॅप' असे म्हणतात. मराठीत त्याला विचारांचा नकाशा म्हणता येईल. हे नाव लोकप्रिय केले ते टोनी ब्यूझन (१९४२–२०१९) ह्या इंग्रज लेखकाने. १९७४ साली बी. बी. सी. च्या दूरचित्रवाणीवरील एका मालिकेतून त्याने ही पद्धत घरोघर पोहोचविली. मध्यभागी चित्र असावे, फांद्या वळणदार असाव्या, एका फांदीवर एकच शब्द असावा, निरनिराळे रंग वापरावे, असे त्याचे नियम होते. ह्या पद्धतीचे त्याने जे गोडवे गाइले ते सर्वच मान्य करण्याचे कारण नाही. पण चित्र उपयोगाचे आहे ह्यात शंका नाही. आणि ते त्याच्याही फार पूर्वीचे आहे. तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी ह्या तत्त्वज्ञाने पदार्थांचे जे वर्गीकरण सांगितले, ते मध्ययुगातील हस्तलिखितांत झाडाच्या रूपाने काढलेले आढळते.

हे झाड आज दोन ठिकाणी लावता येते. एक जागा कागदाची, दुसरी संगणकाच्या पडद्याची. विचारांचे नकाशे काढण्यासाठी खास तयार केलेली अनेक सॉफ्टवेअरे आता मिळतात; त्यांपैकी काही विनामूल्यही आहेत. मग विद्यार्थ्याने पेन उचलावे की संगणक सुरू करावा? प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्या साधनाने आपण विचार मांडतो, ते साधन विचारालाही थोडेफार वळण लावीत असते. म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

कागदावर काढलेल्या अशा एका झाडाची हकीकत जगप्रसिद्ध आहे. चार्ल्स डार्विन हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ जवळजवळ पाच वर्षांचा सागरप्रवास संपवून १८३६ च्या ऑक्टोबरात इंग्लंडला परतला. प्रवासात पाहिलेले पक्षी, प्राणी आणि जीवाश्म ह्यांनी त्याच्या मनात एक शंका उत्पन्न केली होती. प्राण्यांच्या निरनिराळ्या जाती मुळापासूनच वेगळ्या होत्या, की एकाच पूर्वजापासून त्या फुटत गेल्या? पुढच्या वर्षी जुलै महिन्यात त्याने चामड्याच्या बांधणीची एक छोटीशी वही ह्या विचारासाठी राखून ठेवली आणि तिला 'बी' हे अक्षर दिले. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्या वहीच्या ३६ व्या पृष्ठावर, आपल्याला असे वाटते एवढेच वरच्या बाजूस लिहून, त्याने खाली एक वेडेवाकडे झाड काढले. बुंध्याशी १ हा आकडा. तो मूळ पूर्वज. तेथून फांद्या निघाल्या. काही फांद्यांच्या टोकाला लहानशी आडवी रेघ आहे. त्या आज अस्तित्वात असलेल्या जाती. ज्यांना रेघ नाही, त्या नष्ट झालेल्या. चारच ठिकाणी अक्षरे आहेत. उरलेल्या फांद्यांना नावच नाही. बाजूच्या रिकाम्या जागेत काही ओळी आडव्यातिडव्या लिहिलेल्या आहेत.

नाव नसलेल्या ह्या फांद्यांकडे नीट लक्ष द्यावे. डार्विनला त्या वेळी त्या फांद्यांवर कोणते प्राणी बसवावे हे सांगावयाचेच नव्हते. फांद्या कशा फुटत असतील, एवढेच तो स्वतःशी चाचपून पाहत होता. पेनाने त्याला काही विचारले नाही. संगणकावरील नकाशाची रीत निराळी असते. तेथे नवी फांदी काढावयाची म्हणजे प्रथम एक चौकट उघडते आणि तीत शब्द लिहावा अशी अपेक्षा असते. ज्या विचाराला अजून नाव सापडलेले नाही, त्याला तेथे उभे राहावयास जागा मिळणे कठीण. विचार अगदी कोवळा असताना कागद बरा वाटतो, त्याचे एक कारण हे आहे. डार्विनने आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला तो १८५९ साली, म्हणजे ह्या चित्रानंतर २२ वर्षांनी. आणि त्या सबंध ग्रंथात एकच आकृती आहे, तीही फांद्यांचीच.

आता संगणकाची बाजू. डग्लस एंगलबार्ट ह्या अमेरिकन अभियंत्याने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सुमारे हजार तज्ज्ञांसमोर दीड तासाचे एक प्रात्यक्षिक केले. त्याच्या हाताखाली, संगणकाला खूण करण्यासाठी, एक लहानशी पेटी होती. तिलाच आज आपण माऊस म्हणतो. संगणक स्वतः तेथे नव्हताच. तो जवळजवळ ५० किलोमीटर दूर होता. एवढ्या मोठ्या यंत्राने एंगलबार्टने प्रथम काय करून दाखविले असेल? बाजारातून आणावयाच्या जिनसांची यादी! त्याने जिनसा सुचतील तशा लिहिल्या. मग त्या उचलून फळे-भाज्या एका सदराखाली, इतर वस्तू दुसऱ्या सदराखाली अशा लावल्या. सदराचे नाव तेवढे ठेवून खालचा तपशील झाकला, आणि पुन्हा उघडून दाखविला. त्यानंतर घरी जाताना वाटेत कोठे कोठे थांबावयाचे, त्याचा नकाशाही त्याने पडद्यावर आणला. ज्यांनी आयुष्यभर यादी खोडून पुन्हा लिहिली होती, त्यांना लिहिलेला शब्द जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसतो हे पाहून केवढे नवल वाटले असेल! आजच्या नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरचे खरे सामर्थ्य अजूनही ह्याच दोन गोष्टींत आहे: फांदी हलविता येते आणि फांदी मिटविता येते. रंग, आकार आणि चित्रे ही पुढची सजावट होय.

वर सांगितलेल्या कृष्णा नदीच्या निबंधाचेच उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याने कागदाच्या मधोमध 'कृष्णा' असे लिहिले आणि उगम, संगम, गावे, शेती, पूर, धरणे, समुद्र अशा सात फांद्या काढल्या. उगमावर महाबळेश्वर आले. संगमावर कराड आणि नरसोबाची वाडी. कारण कराडला कोयना आणि वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. समुद्राच्या फांदीवर 'बंगालचा उपसागर' एवढेच आले. सुमारे १४०० किलोमीटर वाहत जाऊन, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश ह्या राज्यांतून नदी तेथे पोहोचते. येथवर सारे सुरळीत चालते. मग पुराची फांदी येते. ती कागदाच्या कडेलगत काढलेली असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूर येथे आलेल्या महापुराविषयी लिहावयाचे बरेच असते आणि जागा मात्र दोन बोटांचीच उरलेली असते. अक्षरे बारीक होत जातात, शेवटचा शब्द कोपऱ्यात चिरडतो. कागदाचा हा दोष खराच आहे. मोठा कागद घेणे, तो आडवा धरणे, जुन्या दिनदर्शिकेच्या पानाची कोरी बाजू वापरणे, असे उपाय करता येतात. पण झाड वाढू लागले की कधी ना कधी कुंडी लहान पडतेच. पडद्यावरच्या कागदाला कडा नाही. तेथे पुराची फांदी कितीही वाढू द्यावी, तिला वर्तमानपत्रातील छायाचित्र जोडावे, आणि काम संपल्यावर ती मिटवून ठेवावी.

परंतु कागदावरच पुढे एक गंमत घडते. विद्यार्थ्याच्या ध्यानात येते की, 'कोयना' हे नाव दोनदा आले आहे: एकदा संगमाच्या फांदीवर आणि एकदा धरणांच्या. तो सहज पेन्सिलीने दोहोंमध्ये एक वाकडा बाण काढतो. बाण काढता काढता त्याला आठवते की, कोयनेच्या जलाशयातील पुष्कळसे पाणी वीज निर्माण करण्यासाठी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला, कोकणात पोफळीकडे उतरविले जाते. तेथून ते वाशिष्ठी नदीत जाते आणि अखेर अरबी समुद्राला मिळते. म्हणजे पूर्वेकडे वाहणाऱ्या कृष्णेच्या ह्या उपनदीचे पाणी पश्चिम समुद्रालाही जाऊन मिळते! समुद्राच्या फांदीवर आता दुसरी डहाळी काढावी लागते. निबंधातील सर्वांत चांगला परिच्छेद त्याला ह्या बाणाने दिला. सॉफ्टवेअरमध्ये असा बाण काढता येत नाही असे नाही. बहुतेकांत त्याची सोय असते. पण ती सोय शोधून काढावी लागते, आणि तोवर त्या बाणामागचा विचार पुष्कळदा निसटून जातो. झाडाच्या दोन फांद्या सहसा एकमेकींस मिळत नाहीत. विचारांच्या मात्र मिळतात, आणि तेथेच बहुधा काहीतरी नवे सापडते.

नुसती रेघही पुरेशी नसते, हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक जोसेफ नोव्हाक ह्यांनी ओळखले. लहान मुलांना विज्ञानातील कल्पना कितपत समजतात आणि वयाबरोबर ती समज कशी बदलते, हे ते व त्यांचे सहकारी अभ्यासत होते. मुलांशी झालेल्या संभाषणांच्या लेखी नोंदींचे ढीग जमले. त्यांतून काही स्पष्ट दिसेना. तेव्हा १९७२ च्या सुमारास त्यांनी मुलाला ठाऊक असलेल्या कल्पना चौकटींत लिहून त्या रेघांनी जोडण्याची आणि प्रत्येक रेघेवर जोडणारे शब्द लिहिण्याची पद्धत बसविली. 'धरण' आणि 'भूकंप' ह्या दोन शब्दांमध्ये ओढलेली रेघ काहीच सांगत नाही. धरणामुळे भूकंप होतो, की भूकंपामुळे धरणाला धोका पोहोचतो? ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला मोठा भूकंप झाला. त्याचा संबंध जलाशयात साठलेल्या पाण्याशी असावा असे बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे रेघेवर काय लिहावे हा एक सबंध अभ्यासाचा विषय होऊन बसतो. रेघेवर शब्द लिहावयाचे ठरविले की, आपल्याला काय समजलेले नाही ते ताबडतोब उघडे पडते. हे काम पेनानेही होते आणि संगणकानेही. साधनाच्या निवडीइतकीच ही सवय महत्त्वाची आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

हाताने लिहिल्याने विषय अधिक समजतो काय, ह्याचाही शोध झाला आहे. २०१४ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना व्याख्याने ऐकवून, काहींना हाताने आणि काहींना संगणकावर टिपणे घेण्यास सांगितले. संगणकावर लिहिणाऱ्यांनी पुष्कळ अधिक शब्द लिहिले, परंतु त्यांतील बरेचसे वक्त्याचेच जसेच्या तसे उतरलेले होते. हाताचा वेग कमी असल्यामुळे इतरांना निवड करावी लागली. केवळ माहितीच्या प्रश्नांत फारसा फरक पडला नाही. समजुतीच्या प्रश्नांत मात्र हाताने लिहिणारे सरस ठरले. ह्या निष्कर्षाचा पुढे फार गाजावाजा झाला. तथापि इतर संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा एवढा स्पष्ट फरक त्यांना आढळला नाही. शिवाय हे प्रयोग टिपणांचे होते, नकाशांचे नव्हते. तेव्हा विज्ञानाने कागदाच्या बाजूने निकाल दिला, असे कोणी सांगू लागल्यास त्यावर एकदम विश्वास ठेवू नये.

लिहिलेले हलविता येणे आणि हाताने लिहिणे, ह्या दोहोंचा मेळ घालणारी आणखी एक जुनी रीत आहे; ती म्हणजे चिठ्ठ्यांची. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहावयाची आणि मग चिठ्ठ्या पत्त्यांप्रमाणे मांडावयाच्या. नेपाळच्या डोंगराळ मुलखात हिंडून तेथील लोकजीवनाचा अभ्यास करणारे जपानी मानवशास्त्रज्ञ जिरो कावाकिता ह्यांनी आपल्या असंख्य नोंदींतून अर्थ काढण्यासाठी अशीच पद्धत बसविली. एकमेकींशी जुळणाऱ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवावयाच्या, आणि त्यांचे पुंजके तयार झाल्यावर मग त्या पुंजक्यांना नावे द्यावयाची. आधी सदरे ठरवून त्यांत विचार कोंबण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ प्रामाणिक वाटतो.

चिठ्ठ्यांचे ह्याहून मोठे काम पाहावयाचे तर पुण्यास जावे. तेथील डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कात्रे ह्यांच्या पुढाकाराने १९४८ साली संस्कृत भाषेच्या एका महाकोशाचे काम सुरू झाले. शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या अर्थाने आला आहे, हे पाहण्यासाठी विद्वानांनी सुमारे १५०० ग्रंथ वाचले आणि प्रत्येक प्रयोगाची वेगळी चिठ्ठी केली. अशा चिठ्ठ्या झाल्या सुमारे एक कोटी! त्या ओळीने लावून खणांत ठेवलेल्या आहेत. एका शब्दाच्या सर्व चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या, म्हणजे त्या शब्दाचा अर्थ शतकांमागून शतके कसा सरकत गेला ते डोळ्यांपुढे उभे राहते. मात्र एक चिठ्ठी चुकीच्या खणात पडली, तर कोटी चिठ्ठ्यांत ती शोधावी कशी? आणि पुण्याबाहेरच्या अभ्यासकाने ती पाहावी कशी? म्हणून ह्या चिठ्ठ्या संगणकात उतरवून घेण्याचे काम अलीकडे हाती घेण्यात आले. एवढा मोठा पसारा सांभाळण्यासाठी कागदाच्या मदतीला संगणक यावा हेच योग्य होते.

सर्वांनाच कागद सोयीचा असतो असेही नाही. ज्या मुलाच्या हाताला पेन धरवत नाही, त्याला कळफलक हाच हात होय. ज्या मुलीला दिसत नाही, तिला फांद्यांचे चित्र कागदावर काय किंवा पडद्यावर काय, सारखेच निरुपयोगी. परंतु पुष्कळ सॉफ्टवेअरांत हेच झाड पायऱ्यापायऱ्यांच्या यादीच्या रूपातही ठेवता येते, आणि ती यादी संगणक मोठ्याने वाचून दाखवू शकतो. चारपाच जणांनी मिळून एक प्रकल्प करावयाचा असेल आणि ते निरनिराळ्या गावी राहत असतील, तर तेथेही कागदाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

राहता राहिला टिकण्याचा प्रश्न. इंग्लंडचा राजा विल्यम ह्याने १०८६ साली आपल्या राज्यातील जमीनजुमल्याची मोजदाद करून ती चर्मपत्रावर लिहवून घेतली. ते 'डूम्सडे बुक' आजही वाचता येते. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बी. बी. सी. ने तशीच नवी मोजदाद केली. शाळांतील मुलांसह दहा लाखांवर लोकांनी आपापल्या गावाची माहिती आणि छायाचित्रे पाठविली व ती सर्व खास प्रकारच्या तबकड्यांवर साठविण्यात आली. पंधरासोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि २००२ मध्ये ती माहिती वाचविण्यासाठी दोन विद्यापीठांतील तज्ज्ञांना खटपट करावी लागली. नऊशे वर्षांचे पुस्तक उघडत होते; सोळा वर्षांची तबकडी उघडेना. एका सॉफ्टवेअरमध्ये काढलेला नकाशा दुसऱ्यात उघडत नाही, हा अनुभव तर आजही येतो. म्हणून संगणकावर काढलेल्या नकाशाची साध्या मजकुराच्या रूपातही एक प्रत ठेवावी, किंवा तो छापून घ्यावा.

कागदाचेही सर्व काही सुरक्षित असते असे मात्र नाही. डार्विनची ती वही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. २००० साली छायाचित्रे घेण्यासाठी ती आणि तिच्या जोडीची दुसरी वही कपाटातून बाहेर काढण्यात आली. २००१ च्या जानेवारीत पाहणी केली, तेव्हा दोन्ही वह्या जागेवर नव्हत्या. चुकून दुसरीकडे ठेवल्या गेल्या असतील, ह्या समजुतीने ग्रंथपालांनी वर्षानुवर्षे शोध घेतला. अखेर २०२० मध्ये त्या चोरीस गेल्याचे जाहीर करण्यात आले. ह्या सबंध काळात ते झाड जगापुढे राहिले ते त्याच्या छायाचित्रांमुळे, आणि ती छायाचित्रे संगणकात होती. ९ मार्च २०२२ रोजी ग्रंथालयाच्या चौथ्या मजल्यावर, ग्रंथपालांच्या खोलीबाहेर, भेटवस्तू देण्याची एक गुलाबी पिशवी कोणीतरी जमिनीवर ठेवून गेले. तीत एक पाकीट होते. त्यावर ईस्टरच्या सणाच्या शुभेच्छा होत्या, नाव नव्हते. पिशवीतच, पातळ पारदर्शक आवरणात गुंडाळलेल्या, दोन्ही वह्या सुखरूप होत्या. त्याच वर्षीच्या जुलैत ग्रंथालयाने त्या प्रदर्शनात मांडल्या.